कोरससाठी सोडलेली जागा

दादा, तुझ्या त्या शेजाऱ्याने, हेंकने घोळ करून ठेवलाय.

रागावू नकोस त्याच्यावर. म्हातारा चांगला आहे, हे मी आता मान्य करते. तू होतास तोवर मेले तरी केलं नसतं. तू गेल्यावर काही आठवड्यांनी त्याने अख्खा अल्बम मिक्स करून, साफसूफ करून वहिनीला पाठवला. वहिनीने ऐकला नाही. तिने तो मला पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, "जयंतीला काढायचा म्हणत होता तो. तू ऐक आणि सांग. मला त्याचा आवाज अजून ऐकवत नाही." मी इथे डचांच्या देशात, हूफडॉर्पच्या घरात कॅमेरा बंद करून मीटिंगला बसले होते. टीम लीड कुठल्याशा डेडलाइनवर बोलत होता. त्याला म्यूट केलं आणि तुला लावलं.

शेवटच्या गाण्यापर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे ठीक कसलं, ओढणीने नाक पुसून पुसून नाक सोललं, पण गाणी ठीक होती. शेवटचं गाणं मात्र नुसतं पळत होतं. तू एक ओळ संपवतोस न संपवतोस तोच पुढची तुझ्या मानगुटीवर बसते. कुणीतरी मागे लागल्यासारखा गातोयस. असा तू कधीच गायला नाहीस. बँडमध्ये असतानासुद्धा नाही, आणि तिथे तर तू नुसता ओरडायचास.

मी हेंकला फोन लावला. तो हळू आवाजात, सांभाळून सांभाळून इंग्रजीत म्हणाला, "त्या गाण्यात मोठमोठ्या रिकाम्या जागा होत्या. शेवटी त्याला श्वास पुरत नव्हता ना. ते लोकांना कळू नये म्हणून मी त्या जागा काढून टाकल्या. आणि तो मध्येच गिटारवर काहीतरी वाजवत होता, तो आवाजही साफ केला."

"काय वाजवत होता?"

"बोटातली अंगठी. लाकडावर. टक, असं."

दादा, मी फोन ठेवून दिला.

हेंकला कुठून कळणार? ते कळायला दापोडीत जन्माला यायला हवं, आणि तेही अप्पांच्या घरात. जयंतीचा महिना लागला की आपले अप्पा फॅक्टरीतून सुटून थेट स्टेजवर, पुढे गायन पार्टी आणि मागे कोरसला आपण दोघं. तुला नुकती मिसरूड फुटत होती आणि मी आईने तेल थापून करकचून वेण्या घातलेली. ढोलकी, पेटी, बँजो, आणि निळ्या पताकांखाली बसलेली सगळी वस्ती. अप्पांचा नियम सोपा होता. गायकाने ओळ टाकली की कोरसने ती उचलायची आणि धरून ठेवायची. गायक तेवढ्यात पाणी पिईल, दम खाईल, बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारेल. किती वेळ, हे आपण विचारायचं नाही. अप्पा पेटीच्या लाकडावर अंगठीने एकदा टक करायचे, म्हणजे उचला. मग दोनदा टकटक करायचे, म्हणजे सोडा, मी परत येतोय. ती टकटक येईपर्यंत ओळ पडता कामा नये. "ओळ पडली तर घरी जेवायला येऊ नका," म्हणायचे, आणि त्या माणसाचा काही नेम नव्हता.

एकदा ओळ देऊन ते स्टेजच्या मागे गेले आणि कुणा पाहुण्याशी बोलत उभेच राहिले. आपण ओळ धरून बसलोय. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग हसायला लागले, मग गप्प झाले. माझा घसा सुकला, डोळ्यांत पाणी आलं. तू मला कोपर मारलंस आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत पुटपुटलास, "बारके, आळीपाळीने श्वास घ्यायचा. दोघांनी एकदम घ्यायचा नाही." त्यानंतर तू श्वास घेतलास की मी धरायचे, मी घेतला की तू. ओळ पडली नाही. अप्पा परत आले, पेटीवर टकटक केली आणि जणू काहीच झालं नाही अशा थाटात पुढचा अंतरा उचलला. त्या दिवशी घरी मटण होतं. तुझ्या ताटातली नळी तू माझ्या ताटात टाकलीस.

मग तू 'रेटा' बँडचा गायक झालास आणि तुझ्यामागे कोरस म्हणून अख्खं मैदान उभं राहायला लागलं. पोस्टरवर तुझं तोंड, कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टवर तुझं तोंड. आई भाजी घ्यायला गेली तर भाजीवाली कोथिंबीर फुकट द्यायची. मी जोरात अभिमान मिरवायचे आणि मनात म्हणायचे, हा माणूस घशाच्या चिंधड्या करून घेतोय. आणि सगळं ऐन भरात असताना तू बँड सोडलास. लोक काय काय बोलले. डोक्यात हवा गेली म्हणाले, बायकोच्या मागे परदेशात पळाला म्हणाले. रश्मी वहिनीला आइंडहोवनला चिपच्या मशिनी बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती, हे खरं. पण मी विचारलं तेव्हा तू भलतंच बोललास. "ओरडून सांगून झालं गं. आता नुसतं सांगून बघतो."

इथे येऊन सुरुवातीला तर काहीच सांगितलं नाहीस. मेत्ताला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचास, वहिनीचा डबा करायचास, आणि गिटार कपाटावर. तुझी पोरगी तुझ्या मराठीला डचमध्ये उत्तरं द्यायची आणि तू अभिमानाने मला ऐकवायचास. मी म्हणायचे, अरे, तिला मराठी बोलायला लाव. तू म्हणायचास, ऐकते ना, पुरे आहे.

मग लॉकडाऊन आला. मी इथे एकटी. नवऱ्याला सोडून आलेली, नवीन वस्ती, समोर सगळी एकसारखी घरं आणि सगळ्यांचे पडदे उघडे, पण बोलायला माणूस नाही. तू संध्याकाळी फोन लावायचास, तो टेबलावर ठेवायचास आणि गिटारच्या तारा जुळवत बसायचास. बोलायचं काही नसायचंच. मी इकडे कांदा चिरायचे, तू तिकडे तारा पिळायचास, कधी कधी तासभर एक शब्द नाही. दादा, त्या फोनबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. उलट, "बिल कोण भरणार आहे," म्हणून खेकसायचे. ते फोन नसते तर त्या हिवाळ्यात माझं काही खरं नव्हतं. आता सांगते, आता काय उपयोग.

त्याच दिवसांत तुला कुंपणापलीकडून हेंक ऐकू आला. निवृत्त बस ड्रायव्हर, डोक्यावर काऊबॉय टोपी. तुमच्या त्या गावात म्हाताऱ्यांचा कंट्री गाण्यांचा एक क्लब आहे आणि तो लॉकडाऊनमध्ये बंद पडला, म्हणून हा आपल्या शेडमध्ये एकटाच, मांडीवर गिटार आडवी ठेवून, लोखंडी दांडी तारांवरून सरकवत बसलेला. तू मला फोनवर म्हणालास, "बारके, ती गिटार रडते गं. पण आवाज न चढवता रडते." दुसऱ्या आठवड्यात तू त्याच्या शेडमध्ये. दार सताड उघडं, दोघांच्या अंगात जाड कोट, मध्ये दीड मीटर अंतर आणि थर्मासमधली कॉफी. आणि मग तू बातमी फोडलीस की तू कंट्री रॉकचा अल्बम करतोयस. मराठीत. बँजोसकट. मला वाटलं दापोडीतला, आपला बटणांचा बँजो; तुझा निघाला कंट्रीवाल्यांचा, गिटारसारखा गळ्यात अडकवायचा. तू पोट धरून हसलास.

ते सगळं बोलायला तू मास्क लावून, पाठीला गिटार अडकवून ट्रेनने माझ्याकडे आलास. मी खिडक्या उघडून सुकट भाजली, तरी शेजारीण येऊन विचारून गेलीच की काही जळतंय का. आणि जेवता जेवता आपली जुंपली.

"कंट्री म्हणजे काय रे? गाव आठवून गळा काढायचा. नदी, शेत, घोडा. आपल्याला गाव होतं का? आजोबा निघाले ते गावकुसाबाहेरचं झोपडं सोडून निघाले. पाण्यासाठी तासन् तास ताटकळायचं, मेलेली ढोरं ओढायची, त्यातून सुटायला निघाले. परत मान वळवून बघितलं नाही त्या माणसाने. आणि तू इथे बसून त्या गावासाठी रडणार?"

तू शांतपणे सुकटीतला कांदा वेचत होतास. "बाहेर का होईना, चूल होती ना तिथे? आजीने भाकऱ्या थापल्याच ना? मला त्या चुलीवर गायचंय. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे त्यांनीच गावाची गाणी गायची का?"

"गा. तुला कोण अडवतंय? पण मला कोरसला बोलावू नकोस."

"बोलावणारच."

"मी येणार नाही."

"मी जागा ठेवतो तुझी."

"ठेव, नाहीतर भाड्याने दे."

तू हसलास, वाटी चाटूनपुसून साफ केलीस आणि गेलास. तेच आपलं शेवटचं समोरासमोरचं भांडण, आणि ते अर्धवटच राहिलं. मला ते अजूनही पटलेलं नाही, हे लक्षात ठेव. मेलास म्हणून तुझं खरं झालं, असं होत नाही.

अल्बम बहुतेक पुरा होत आला आणि तू खोकायला लागलास. वहिनीने इथल्या फॅमिली डॉक्टरला, त्या हाऊसआर्ट्सला फोन केला. त्याने पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, घरीच थांबा सांगितलं, आणि आपण त्यावर विनोद केले, कारण इथे तुटलेल्या हातालाही पॅरासिटामॉल मिळते असं आपणच म्हणायचो. त्याच्या तरी हातात काय होतं? मग एकदम अॅम्ब्युलन्स. हॉस्पिटलमध्ये फक्त वहिनीला सोडत होते, तेही थोडा वेळ. मला तिने व्हिडिओवर दाखवलं. तोंडावर मास्क, कपाळाला केस चिकटलेले, अप्पा गेल्यापासून तू घालायचास ती त्यांची अंगठी काढून उशाशी ठेवलेली. काय बोलायचं कळेना, म्हणून मी भांडले. म्हटलं, "बरा हो गुपचूप. मला अजून खूप बोलायचंय तुझ्या त्या गावावर." तू अंगठा वर केलास. त्याचा अर्थ हो होता की गप बस होता, कुणाला माहीत.

तुझ्या अंत्यविधीला आम्ही मोजकी माणसं, खुर्च्या लांब लांब, बाहेर पाऊस. दापोडीहून बौद्धाचार्य स्क्रीनवर होते. आई, काका, वस्तीतली माणसं, तुझ्या बँडची पोरं, सगळी चौकोनाचौकोनात. गोंगाट नको म्हणून कुणीतरी सगळ्यांना म्यूट करून ठेवलेलं. बौद्धाचार्यांनी त्रिशरण सुरू केलं. ते एक ओळ म्हणायचे आणि ती आपण सगळ्यांनी मागून म्हणायची. एरवी सगळा मंडप म्हणतो. इथे वहिनीच्या तोंडून शब्द फुटेना, मेत्ताला पाठ नाही, हेंकला कळत नाही. स्क्रीनवर शेकडो ओठ हलत होते आणि आवाज एकाचाही नाही. आईचे ओठ मी बघत होते. शेवटी मी एकटीच मागून म्हणत राहिले, फुटक्या आवाजात, इतका ओंगळ आवाज की तू असतास तर कोपर मारलं असतंस. दादा, मला तुझा इतका राग आला त्या वेळी. एकटीला कोरसला सोडून जातात का असं?

आता तुला कळलं ना, हेंकचा फोन ठेवल्यावर माझं काय झालं असेल?

तुझ्या बँडवाल्यांचा मेसेज येऊन पडला होता. शेवटचं गाणं आम्ही पुरं करतो, मागे शंभर लोकांचा आवाज टाकू, दादाला साजेसा निरोप होईल. पोरांच्या मनात वाईट नव्हतं. पण वहिनी व्हिडिओवर म्हणाली, "तो तिथून का निघाला हे यांना अजून समजलं नाही का गं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकतर हेंकचं आहे तसं जाऊ दे, नाहीतर तू काहीतरी कर. मी आता जास्त वाट नाही बघू शकत."

मी ट्रेन पकडून तुमच्याकडे आले. स्टेशनवर मेत्ता घ्यायला आली होती वहिनीबरोबर, तुझा मफलर गुंडाळून. हेंकच्या शेडमध्ये तुझी खुर्ची तशीच आहे. म्हाताऱ्याने ती दीड मीटरवरच ठेवलीय, जवळ ओढलेली नाही. मी त्याला सगळं सांगितलं. अप्पा, पेटी, अंगठी, एक टक, दोन टकटक. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी त्याचं गाणं मोडलं," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही त्याची लाज राखायला गेलात. मूळ रेकॉर्डिंग आहे का?" होतं. बस ड्रायव्हर काही टाकून देत नाही म्हणाला.

आणि मग मी तुला ऐकलं, न पुसलेला. ओळ. टक. आणि मग ती जागा. रिकामी कुठे होती रे? तुझी खुर्ची करकरतेय, शेडच्या पत्र्यावर पाऊस आहे, तू तोंड फिरवून खोकतोस, घोट घेतोस. आणि मी नेमकं जितका वेळ ओळ धरली असती तितका वेळ थांबून, टकटक. पुन्हा तू. प्रत्येक अंतऱ्याला अशी जागा ठेवलेली. श्वास पुरत नव्हता हे खरंच होतं, पण म्हणून नाही, अप्पांनी शिकवलं म्हणून. तू मला न विचारता माझ्या जिवावर गाणं बांधलं होतंस. शहाणा कुठला!

मग शेवटचा अंतरा. मला वाटलं होतं नदी येईल, बाभळी येतील, गळा काढशील. तू अगदी हळू, शेजारी बसून सांगितल्यासारखं म्हणालास,

सोडलं म्हणतो गाव मी, गावानं कुठं धरलं होतं...

लबाडा. हीच ओळ त्या दिवशी सुकट खाताना म्हणाला असतास, तर अर्धं भांडण तिथेच मिटलं असतं. अर्धंच. उरलेल्या अर्ध्यावर मी तुला अजून सोडलं नसतं. पण तू माझ्या तोंडावर कांदा वेचत बसलास आणि उत्तर या शेडमध्ये येऊन ठेवलंस.

ओळ संपली आणि टक वाजली. मग जागा. पाऊस, खुर्ची, तुझा श्वास. मी वाट बघतेय. मेत्ता दारात उभी होती, तीही बघत होती. जागा संपेना. मग रेकॉर्डिंगच संपलं.

दोन टकटक आलीच नाहीत, दादा. मी हेंकला परत परत लावायला लावलं. खोकला आला म्हणून तू बंद केलंस, की दमलास, की दुसऱ्या दिवशी येऊन पुरं करू म्हणालास? हेंकला आठवत नाही. त्या दिवशी तू लवकर घरी गेलास एवढंच त्याला आठवतं. आणि तू ते मुद्दाम तसंच सोडलं असशील तर मला कळूच देऊ नकोस, मी ते सहन करू शकणार नाही.

मी माइकसमोर उभी राहिले, तुझं गाणं स्पीकरवरच चालू ठेवलं. गाणार म्हटलं, पण पटलंय म्हणून नाही, हे तुझ्या रिकाम्या खुर्चीला मोठ्याने ऐकवलं. कोरसला ओळ पटावी लागत नाही, धरावी लागते. पहिल्या दोन जागा कशाबशा निभावल्या. आवाज गंजलाय, तुला माहीत होतं ते. शेवटच्या जागेला मात्र हात टेकले. ओळ लांब आहे, मी एकटी आहे आणि मी श्वास घ्यायला थांबले की ती पडते. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी भिंतीकडे तोंड करून रडायला लागले, कारण गाणं धरताना माझ्या शेजारी तुझं कोपर नव्हतं.

हेंकने ती गिटार मांडीवर आडवी घेतली. मी ओळ उचलली, आणि माझा श्वास तुटला तिथे त्याने दांडी सरकवून तोच सूर धरला. मी दम घेतला, परत आले, त्याने सोडला. न सांगता. आळीपाळीने. ज्याने तुझे श्वास पुसले त्याच माणसाने माझ्या श्वासाला जागा दिली, तुझं नशीबच विचित्र. ओळ पडली नाही, दादा. गावानं कुठं धरलं होतं, गावानं कुठं धरलं होतं. दारात मेत्ताचे ओठ हलत होते. वहिनी कधी येऊन उभी राहिली ते मी बघितलं नाही, पण तिने तुझा आवाज ऐकला.

किती तरी वेळाने हेंकने दांडी न उचलता भुवया वर केल्या आणि हळूच विचारलं, "कुठपर्यंत?"

दोन ओळींच्या मधल्या फटीत मी म्हटलं, "तो टकटक करेपर्यंत."

"पण ती तर रेकॉर्डिंगवर नाही."

मला माहीत होतं. मी मान हलवली आणि पुढची ओळ उचलली.